दक्षिणेकडून आलेला उजेड

भरे, पो. पिरंगुट, ता. मुळशी
१४ ऑक्टोबर १९८३

आबेदा मुलाणी यांस,

आपण आपल्या आईला पाठवलेल्या पाकिटात एक नकाशा निघाला. त्या नकाशाबद्दल लिहायचं आहे म्हणून हे पत्र, दुसरं कारण नाही. साडेचार वर्षांपूर्वी मौलाशी ठरलेलं लग्न मोडून आपण अमेरिकेला शिकायला निघालात, तेव्हा या घराचं दार आपल्याला बंद, असं मी म्हणालो होतो. ते बंदच आहे. आधीच सांगितलेलं बरं.

आपली पत्रं भिकू पोस्टमन ओट्यावर बसून वाचतो, कारण आपल्या आईला वाचता येत नाही आणि मी वाचत नाही. मी आत असतो. पण घर लहान आणि भिकूचा आवाज मोठा, तेव्हा कानात बोळे घालून थोडंच बसता येतं? त्यामुळे आपण अलास्कात आहात, तिथे उपग्रहाच्या रडारने घेतलेल्या चित्रांवरून उत्तर टोकाकडच्या जमिनीचे नकाशे करता, आणि तिथल्या तांदळाला वास नसतो, एवढं मला माहीत आहे.

नकाशासोबत मूळ चित्राची नक्कलही होती, काळी-करडी लांब पट्टी. भिकू म्हणाला, "हे काय, घोंगडीचा फोटू हाय का?" मी सर्व्हे खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. मला ती घोंगडी वाटली नाही. नऊ दिवस ती पट्टी पाहून मग लिहितो आहे की आपला नकाशा चुकला आहे.

डोंगररांगेच्या उत्तरेला आपण चार ठिकाणी हिमोढ दाखवले आहेत, म्हणजे हिमनदीने ढकलत आणून टाकलेल्या दगडमातीचे उंच बांध. तिथे बांध नाहीत. तिथे ओढे आहेत, चांगले खोल. आणि जिथे टेकडीचा कणा स्पष्ट दिसतो तिथून आपण निळ्या शाईने पाणी वाहवलंय. पाणी टेकडीच्या माथ्यावरून चालत जातं का?

नकाशाच्या कोपऱ्यात 'आ. क. मुलाणी' असं नाव आहे. त्यातला 'क' माझा आहे, म्हणून लिहावं लागलं.

रेघ मात्र स्वच्छ आहे. निब धरायचं वळण तुला लहानपणीच... आपल्याला लहानपणीच बसलं होतं.

कमरुद्दीन मुलाणी
(निवृत्त ड्राफ्ट्समन)


भरे
२७ नोव्हेंबर १९८३

आबेदास,

आपण-आपण करत बसलं की पत्र लांबतं, म्हणून 'तू' लिहितो. त्यातून वेगळा अर्थ काढू नये.

तुझं उत्तर माझ्या नावावर आलं. भिकू ओट्यावर बसून चष्मा पुसायला लागला, त्याला म्हटलं, हे माझं आहे, दे इकडे. बिचारा हिरमुसला. पत्र मी तीनदा वाचलं.

हा कॅमेरा नव्हेच, हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो की वरून फोटो काढतात. तू लिहितेस की उपग्रह स्वतःच खाली लहर सोडतो, ती जमिनीला लागून परत येते, आणि परत आलेल्या लहरींतून चित्र उभं राहतं. ढग असले तरी फरक पडत नाही. सूर्य नसला तरी चालतं. आबेदा, आमच्या खात्यातली माणसं एकेका तावासाठी दोन-दोन हिवाळे डोंगर चढली. ताम्हिणीच्या धुक्यात आठ-आठ दिवस दुर्बीण झाकून तंबूत बसली, की समोरचं शिखर एकदा दिसू दे. आणि हा गडी धुकं बघतच नाही! त्याच्या लेखी धुकं नाहीच.

मी हिशोब मांडला. तू दिलेल्या वेगाने तो पौडवरून निघाला तर पाच सेकंदांत पुण्यावर. आपल्या एस.टी.ला तास लागतो आणि भूगावच्या चढावर ती धापा टाकते. शंभर किलोमीटर रुंदीची जमीन तो एका दमात पाहत जायचा, आणि ती कुठली जमीन? जिथे मैलोन्‌मैल माणसाचं पाऊल नाही. हे वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तुझी आई म्हणाली, काय बगताय? मी म्हटलं, काही नाही.

तो उपग्रह अठ्ठ्याहत्तर साली जेमतेम साडेतीन महिने चालला आणि बिघडला, पण अजून वर फिरतोच आहे, याचं मला फार वाईट वाटलं. त्याने आपल्या मुळशीचंही चित्र घेतलं असेल का, असं मी विचारणार होतो, तर तू आधीच लिहिलं आहेस: इकडून जाताना त्याचं रडार बंदच असायचं, कारण खाली त्याचं ऐकणारं केंद्र नव्हतं. पुढे लिहितेस, 'ऐकणारं कुणी नसलं की तो बोलत नसे.' हा टोमणा मला कळला. मी काही इतका म्हातारा झालेलो नाही.

आता कामाचं. शेवटी लिहिलं आहेस, 'अब्बा, कागद उलटा फिरवून पाहा.' नकाशात उत्तर दिशा वर असते. ती वरच राहील.

मी एका खिडकीची काच काढून दोन खोक्यांवर ठेवली आहे, खाली दिवा लावला आहे. त्यावर पट्टी ठेवली की बारीकसारीकही दिसतं. ओढे आणखी खोल दिसतात.

कमरुद्दीन


भरे
८ जानेवारी १९८४

आबेदास,

'तुमची सवय आडवी येते आहे, अब्बा.' हे तू लिहिलंस. मला.

टेकड्यांना छाया द्यायची तर उजेड कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून पडतो असं धरायचं, हा आमचा पहिला धडा. त्या उजेडात एकतीस वर्षं मी सह्याद्री रंगवला. माझ्या हातचे डोंगर पाहून साहेब म्हणायचे, बोट लावलं तर टोचतील. याला तू सवय म्हणतेस. मी याला डोळा म्हणतो.

चुकलेला नकाशा छापला जाऊ नये हे माझं कर्तव्य आहे. तेव्हा मी तुझ्या प्रोफेसरांना परवा पत्र टाकलं. इंग्रजीत, खात्यात लिहायचो तसं. चारही जागा खुणा करून दाखवल्या आणि लिहिलं की हे काम पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. तुला कळवलेलं असावं म्हणून कळवतो.

तुझ्या आईच्या पत्रात सप्टेंबरचं लिहिलं आहेस, तेही भिकूने वाचलं. महिनाभर सुटी मिळेल, अब्बा 'ये' म्हणाले तर येईन, नाही म्हणाले तर पुढच्या कामाचा करार करून टाकीन, मग पाच वर्षं निघता यायचं नाही. वाचून झाल्यावर भिकू दाराकडे बघत राहिला. तुझी आईही दाराकडे बघत राहिली. मी आत होतो. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

कमरुद्दीन

ता. क. राग आहे तो आहे, पण या वेळी पाठवलेल्या दुसऱ्या पट्टीतली ती तळी काय आहेत? किनाऱ्यालगत हजारो, सगळी लांबट, आणि सगळी एकाच दिशेला तोंड करून. पेरणीच्या वेळी पाभरीचे तास असतात तशी सरळ. मला वाटलं छपाईचा दोष असेल. खाली तू लिहिलं आहेस की वारा हजारो वर्षं एकाच अंगाने वाहिला, आणि त्याच्या आडव्या अंगाला काठ विरघळत जाऊन तळी लांबली. म्हणजे तो वारा आज आपल्याला दिसतो आहे? मी तळी मोजायला घेतली होती. चारशे अकरापर्यंत आलो आणि डोळ्यांत पाणी आलं. दिव्याने आलं असेल.


भरे
१९ फेब्रुवारी १९८४

चि. आबेदा हिला अनेक दुवा,

तुझं पत्र आलेलं नाही. येऊ नये असंच मी वागलो आहे. तरी लिहितो, कारण हे सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मी काचेवर ती पहिली पट्टी लावून बसलो होतो. तुझी आई आंबेमोहोर निवडायला सूप घेऊन आली आणि काचेखालचा उजेड बरा म्हणून समोरच बसली. माझ्या समोर, म्हणजे कागदाच्या वरच्या अंगाला. बराच वेळ खडे काढत होती. मग हात थांबला.

"अवो, ह्यो डोंगुर आपल्या कोळवणच्या डोंगरावानी दिसतोय की."

मी म्हटलं, "तो डोंगर नाही. ओढा आहे."

"वढा? वढा असा वर येतोय व्हय? हाताला लागंल असा उभा हाय. हितनं बगा की तुमी."

"मला इथून बरोबर दिसतंय."

"मंग बसा तितंच," ती म्हणाली. "गुडगं दुकत्यात म्हनून सांगा की सरळ."

आबेदा, तुझी आई आयुष्यात कधी शाळेत गेली नाही. नकाशा म्हणजे नवऱ्याचा डबा खायचा राहून गेला ते दिवस, एवढंच तिला माहीत. मी उठलो. गुडघे दुखतात हेही खरंच. तिच्या बाजूला जाऊन बसलो आणि खाली पाहिलं.

डोंगर वर आले.

दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. चार महिने जे खड्डे म्हणून पाहत होतो ते एका क्षणात कागदातून उठले. बांध उभे राहिले, एकामागे एक, वाकडे, बैलाच्या शिंगांसारखे वळलेले, आणि प्रत्येक वळणाच्या आत ती हिमनदी कुठवर आली होती, कुठे थकली, कुठून मागे हटली, ते सगळं लिहिलेलं. मधून तुझे निळे ओढे, बरोबर जिथे पाणी जायला हवं तिथून गेलेले. मागे ती मोठी रांग, तिची सगळी शिखरं पलीकडे, दक्षिणेला झुकलेली. कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वी बर्फ तिथे आलं, गेलं, कुणी पाहिलं नाही. आणि ते मी भऱ्यात, माझ्या घरात, सुपाशेजारी बसून बघत होतो. माझ्या अंगावर काटा आला. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

मग कळलं. लहर दक्षिणेकडून आली होती. त्या टोकाला उपग्रह पश्चिमेकडे जातो आणि उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेकडे बघतो, हे तू नोव्हेंबरातच लिहिलं होतंस. म्हणून दक्षिणेचे उतार उजळ, उत्तरेचे काळे. माझा डोळा मात्र उजेड वरून येतो असं धरून बसलेला. त्याला उजळ बाजू खाली दिसली की तो म्हणतो, खड्डा. जो कधी नकाशाजवळ फिरकला नाही त्याला कदाचित याने चकवलं नसतं. माझ्यासारख्याला चकवणारच. तू मला कागद फिरवा म्हणालीस, एवढी साधी गोष्ट. मी फिरवला नाही, कारण ती तू सांगितली होतीस.

प्रोफेसरांना लिहिलं त्याची मला लाज वाटते. त्यांना आज दुसरं पत्र टाकलं आहे की नकाशा बरोबर आहे आणि चूक माझी. पण पहिलं पोचून महिना झाला असेल.

तुझा,
कमरुद्दीन


भरे
१ एप्रिल १९८४

चि. आबेदा हिला अनेक दुवा,

पत्र मिळालं. रागावलेलं नाही, हेच जास्त लागलं.

माझ्या पहिल्या पत्रामुळे प्रोफेसरांनी अठराही ताव तुला पुन्हा तपासायला लावले. त्यात सहा आठवडे गेले. आता शाईचे साफ नकाशे सप्टेंबरच्या आत होणं शक्य नाही, आणि ते झाल्याशिवाय सुटी नाही. पुढे लिहितेस, 'नाहीतरी मला बोलावलं कुठे होतं कुणी.' बरोबर आहे. नव्हतं बोलावलं. हे वाक्य मी तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही. भिकूच्या हाती ते पडलं नाही, हे नशीब.

पेन्सिलीचे कच्चे ताव मला पाठव, अठराही. शाई मी करतो. माझी सही नको, नाव नको. दक्षिण माझ्याकडे ठेवणार नाही, वर ठेवून बसेन, वचन देतो. हात अजून कापत नाही. बाटलीत शाई आहे, निबं जुन्या डब्यात जशीच्या तशी आहेत. तो डबा कुठे होता हे तुला सांगितलं पाहिजे. तुझ्या खोलीत होता. साडेचार वर्षं मी ती खोली उघडली नव्हती, दाराला कणग्या लावून ठेवल्या होत्या. खिडकीची काच काढली म्हणून लिहिलं होतं ना, ती त्याच खोलीची. तुझा नकाशा पहिल्यांदा पाहिला त्याच संध्याकाळी मी कणग्या सरकवल्या. हे मी तेव्हा लिहिलं नाही.

आता त्या तळ्यांच्या तावाबद्दल. हा उपग्रहाचा नव्हे, विमानातल्या रडारचा, थंडीच्या शेवटी घेतलेला, असं तू लिहिलं आहेस. सगळी तळी गोठलेली, वर सारखंच बर्फ. माणूस वरून चालत गेला तरी त्याला फरक कळणार नाही. आणि रडारला कळतो! काही तळी काळी दिसतात, ती तळापर्यंत गोठलेली. काही पांढरी लखलखीत, त्यांच्यात बर्फाखाली अजून पाणी आहे. बर्फ भेदून लहर खाली जाते, पाणी लागलं की तिथून उसळून परत येते. हे वाचलं आणि कागद खाली ठेवला. एवढ्या थंडीत, एवढ्या अंधारात, कुणालाही न दिसता आत पाणी राहिलं, आणि ते कुणीतरी वरून ओळखलं.

तुझ्या आईला दाखवलं. तिने पांढऱ्या तळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजी मासं जित्तं असत्याल हितं." मग माझ्याकडे बघून हसली. "तुमी यातलं कंचं?"

मी तिच्यासमोरून कागद काढून घेतला. पण तुला सांगतो. मौलाच्या वडिलांसमोर खाली मान घालावी लागली, तेव्हापासून लोक मला बघून म्हणत असतील की हा माणूस आतपर्यंत थिजला. मलाही तसंच वाटायचं. तसं नव्हतं, आबेदा. एक दिवसही तसं नव्हतं.

तुझा,
कमरुद्दीन


भरे
२२ जुलै १९८४

माझी बाळ आबेदा,

बारा ताव झाले. आज रजिस्टरने पाठवले. भिकूने पाकीट दोन्ही हातांनी धरून नेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पोटाशी. म्हणाला, "चाचा, ह्यात अमेरिका हाय का?" मी म्हटलं, अमेरिकेची थंडी आहे, जपून ने.

दोन महिने मी दुसरं काही पाहिलं नाही. बाहेर मुळशीचा पाऊस, समोरचा डोंगर आठ-आठ दिवस गायब, आणि मी आत उजेडाच्या काचेवर वाकून बर्फाच्या मुलखात. एके ठिकाणी सपाट रानात एकच टेकडी आहे, तू 'पिंगो' लिहिलं आहेस, जिच्या पोटात मातीऐवजी बर्फ असतं आणि ते बर्फच तिला वर उचलत जातं. तेवढा एक ठिपका काढायला मी अख्खी दुपार घेतली. घाईने काढायची वस्तूच नव्हे ती. हे सगळं आपल्याला न विचारता आहे, आपण नसतानाही होतं, आणि त्याचं चित्र माझ्या हातून उमटतंय, या विचाराने मला रोज नव्याने दडपून जायला होतं. नमाजानंतर मी थोडा जास्त वेळ बसतो हल्ली.

तुझ्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलं होतं, त्यातून फवारे येऊन कॉटपर्यंत ओल आली. म्हणून काल पिरंगुटला नव्या काचेसाठी गेलो. काच मिळते ती मौलाच्या दुकानात. साडेचार, नाही, आता पाच वर्षं मी त्या दुकानासमोरून छत्री आडवी धरून जातो. काल आत गेलो. त्याची दोन पोरं गल्ल्याजवळ खेळत होती. माप सांगितलं.

"कुटल्या खिडकीची, चाचा?"

"आबेदाच्या खोलीची."

त्याने काच कापायचा हिरा खाली ठेवला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर तो खुलून म्हणाला, "येतीय व्हय ती? कदी? चाचा, आदी सांगायचं न्हाई का! अन् तुमी आमच्या दुकानाम्होरनं छत्री आडवी धरून का जाता, त्ये तरी सांगा. पाऊस नसला तरीबी!"

मी काय सांगणार? त्याच्या मनात काहीच नव्हतं. पाच वर्षं मी तिथेही उजळ बाजू खाली बघून खड्डा म्हणत होतो. 'कधी येते' याला मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण ये असं मी तुला अजून म्हटलेलंच नाही हे मला त्या दुकानात उभं असताना कळलं. तळी झाली, हिमनद्या झाल्या, सहा पत्रं होत आली, आणि तेवढा एक शब्द राहिला.

ये.

तुझ्या सुटीची काळजी करू नकोस. जूनमध्ये मी प्रोफेसरांना तिसरं पत्र टाकलं होतं. पहिली दोन खात्याच्या इंग्रजीत होती, या तिसऱ्यात मी बाप म्हणून लिहिलं: चूक माझी, वेळ तिचा गेला, बारा ताव मी पूर्ण करून पाठवतो, उरलेले सहा ती इथे माझ्याजवळ बसून करील, तिला घरी पाठवा. परवा उत्तर आलं. ते म्हणतात, अवश्य. शिवाय लिहितात की त्यांच्या वर्गात दरवर्षी अर्धी मुलं हीच चूक करतात, पण त्यावर प्रोफेसरालाच तपासणीचं पत्र धाडणारा मी पहिला. तुझ्या आईला सांगितलं तर ती अर्धा तास हसत होती.

तेव्हा ते सहा ताव मी पाठवणार नाही. पत्र लिहून, तार करून, कितीही मागितलेस तरी नाही. ते तुझ्या खोलीत, कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवले आहेत. नवी काच खिडकीला लागली, जुनी खोक्यांवरच राहू दिली आहे. दोघांना बसता येईल एवढी ती लांब आहे.

कोणत्या बाजूला बसायचं, ते तू सांग.

तुझा,
अब्बा